धावेचा उतार

आमच्या मळ्यातील विहिरीवर मोट चालू असे त्या काळी, पहाटेच्या गारव्यात थारोळ्याच्या काठी बसून मी जे घटका घटका पाहत असे, ते बलाचे आणि कार्याचे गणित होते, हे मला पुष्कळ वर्षांनी, वर्गात तोच विषय शिकवू लागल्यावर उमगले. मोट बुडून भरली की बैल धावेवरून उताराकडे निघत. वरच्या चाकावरचा जाड नाडा ताठ होई, खालच्या लाकडी रुळावरून सरकणारा बारीक सोंदूर सोंडेचे तोंड वर धरून ठेवी, आणि मोट काठाशी येताच सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात कोसळे व पाटाला लागे. मग बैल पाठमोरे, एकेक पाऊल मागे टाकीत, तीच धाव चढत.

बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकारास ‘कार्य’ हे नाव फ्रान्समध्ये कोरिओलिसने १८२९ साली यंत्रांचा विचार करताना दिले. त्या मापाने पाहता, १५० लिटर पाणी १० मीटर उचलण्यास १४,७०० ज्यूल कार्य लागते. चाक ओढीची दिशा तेवढी पालटते, ओढ हलकी करीत नाही. म्हणून सपाट जमिनीवर जोडीला १५० किलोंच्या भाराइतके ओढावे लागले असते, आणि ८०० किलोंची जोडी तासन्‌तास निभावू शकते ती ओढ तिच्या वजनाच्या दशांशाच्या आसपासची. धाव उतरती बांधण्याची तजवीज याचसाठी. आठास एक उतार धरला, तर १० मीटरांत बैल सव्वा मीटर खाली येतात, आणि त्यांचे स्वतःचे वजनच ९,८०० ज्यूल, म्हणजे दोन-तृतीयांश कार्य उरकते; खांद्यांनी ओढायचे उरतात ५० किलो, आणि चाकाच्या कुरकुरीत जाईल ते वेगळे.

ही रक्कम उचल म्हणून घेतलेली असते. परतीच्या चढावर बैलांना ती पायांनी फेडावी लागते, आणि निसर्गाच्या दप्तरात एका ज्यूलचीही सूट नाही. परंतु एकरकमी जो सारा भरणे जनावराच्या कुवतीबाहेरचे, तो जाण्यायेण्याच्या दोन हप्त्यांत भरला जातो. ज्याने पहिली धाव उतरती खणली, त्याच्या बुद्धीपुढे मी आजही नम्र होतो.

आमचे आबा उतारावर नाड्यावर बसत. दमलेल्या मुक्या जनावरांवर हा आणखी बोजा कशासाठी, असे वाटून मी लहानपणी मनातून त्यांच्यावर रुष्ट होत असे. त्यांचे ६० किलो वजन सव्वा मीटर उतरताना ७३५ ज्यूल, म्हणजे मोटेच्या कार्याचा विसावा हिस्सा, बैलांच्या वतीने भरीत होते. मोट रिती झाली की ते नाड्यावरून उतरत, कासरा सैल सोडीत, आणि बैलांच्या बरोबरीने ती धाव आपल्या पायांनी चढत.