मोफत उपचाराचं पत्र

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत वाट्याने शेती करणाऱ्या गरीब कृष्णवर्णीयांना सरकारी आरोग्य खात्याचं पत्र आलं. खास उपचार मोफत मिळतील, ही शेवटची संधी आहे, नर्सबाईंना येऊन भेटा. उपचार कसले? पाठीच्या कण्यात सुई घालून तपासणीसाठी पाणी काढून घ्यायचं होतं.

हा टस्कीगीचा प्रयोग. १९३२ साली सुरू झाला. त्यात सुमारे ६०० पुरुष होते. ३९९ जणांना सिफिलिस. रोगाचं नाव कुणाला सांगितलं नाही, ‘रक्त खराब आहे’ म्हणून वाटेला लावलं. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, मोटारीतून ने-आण, आणि मेल्यावर दफनाचा खर्च. फक्त शवविच्छेदनाला घरच्यांनी हरकत घ्यायची नाही. उपचाराविना हा रोग शरीराची कशी वाट लावतो, ते डॉक्टरांना बघायचं होतं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा रूढ उपचार झाला. तो या माणसांपर्यंत पोहोचणार नाही, याचीही काळजी घेतली गेली. खात्यात काम केलेल्या पीटर बक्स्टन यांच्या तक्रारी अनेक वर्षं पडून राहिल्या. १९७२ मध्ये पत्रकार जीन हेलर यांनी बातमी फोडली, तेव्हा कुठे प्रयोग थांबला. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागायला १९९७ उजाडलं.

कोविडच्या लशीला कृष्णवर्णीय कचरतात म्हटल्यावर पुन्हा टस्कीगीचीच आठवण निघाली. ती सोयीचीही आहे: पाप जुनं, करणारे बहुतेक मेलेले. पण अविश्वासाला ताजं खतपाणी आजच्या दवाखान्यातच मिळतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी केली. काळ्या माणसाची कातडी जाड असते, यासारखी एखादी तरी खुळी समजूत जवळपास निम्म्यांना पटत होती. अशांच्या लेखी कृष्णवर्णीय रुग्णाचं दुखणं कमीच.

यंत्रंही त्यातून सुटली नाहीत. कोविडकाळात आपल्याकडे घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. घटलेला ऑक्सिजन त्याच्या नजरेतून निसटण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट असल्याचं २०२० मध्ये अमेरिकेतच दिसलं.

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये झालेला एक अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. कृष्णवर्णीय पुरुषांना आधी डॉक्टरचा नुसता फोटो दाखवून कोणत्या तपासण्या हव्यात, ते विचारलं. डॉक्टर गोरा की काळा, याने उत्तरात फरक पडला नाही. समोरासमोर बोलणं झालं आणि चित्र पालटलं. डॉक्टर कृष्णवर्णीय असला, तर अधिक जण तपासणीला तयार झाले, विशेषतः सुई टोचायची असेल तिथे. अमेरिकेत असे डॉक्टर शंभरात पाच-सहाच आहेत.