न दिसणारा ठसा : यंत्राची नजर आणि तज्ज्ञाचा निर्णय

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. कोलकाता येथे १८९७ साली ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागील गणिती मेहनत काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांची होती. त्यांचे नाव मात्र पद्धतीला मिळाले नाही.

त्या काळी ठसा दिसावा म्हणून भुकटी लावीत. आजही लावतात. परंतु भुकटीचा ब्रश फिरताना नाजूक ठसा पुसला जाण्याची भीती असते. म्हणून हात न लावता ठसा पाहणारी यंत्रे आली. त्यांपैकी परावर्तित अतिनील प्रतिमा यंत्र, ज्याला थोडक्यात 'रुविस' म्हणतात, हे हातात धरून वापरता येते.

त्याचे तत्त्व सोपे आहे. काच, प्लास्टिक, फरशी अशा गुळगुळीत पृष्ठभागावर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश तिरका टाकतात. पृष्ठभाग तो एका दिशेने परतवतो किंवा शोषून घेतो; बोटाच्या रेषांतून उतरलेला घाम आणि तेलकटपणा मात्र तो इतस्ततः विखुरतो. या फरकातून रेषा उठून दिसतात. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून भिंग क्वार्ट्झचे असते. डोळ्यांना न दिसणारे हे चित्र दृश्य करण्यासाठी जी नळी वापरतात, ती सैनिकांच्या रात्री पाहण्याच्या दुर्बिणीतलीच. प्रकाशामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन तीत कित्येक पटींनी वाढतात आणि पडद्यावर हिरवट चित्र उमटते.

मर्यादाही आहेत. कागद घाम शोषून घेतो, त्यामुळे तेथे हे यंत्र फारसे उपयोगी नाही, रसायनेच लागतात. हा प्रकाश डोळ्यांना व त्वचेला अपायकारक आहे, आणि तो फार वेळ टाकल्यास ठशातील डीएनएचीही हानी होते.

इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकी सैन्याने बॉम्बचे अवशेष तपासण्यासाठी युद्धभूमीजवळच प्रयोगशाळा उभारल्या. अशा ठिकाणी ठसा लवकर मिळणे महत्त्वाचे खरेच. पण चित्र मिळाले म्हणजे माणूस मिळाला, असे नव्हे. हा भेद किती महाग पडतो, ते माद्रिदच्या प्रकरणात दिसले.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मेली. डिटोनेटर असलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर स्पॅनिश पोलिसांना ठसा मिळाला. त्याची डिजिटल प्रतिमा अमेरिकेच्या एफबीआयकडे गेली. संगणकाने वीस संभाव्य नावे काढली. त्यांतील चौथे नाव ब्रँडन मेफील्ड यांचे होते : ओरेगॉनचे वकील, पूर्वी सैन्यात नोकरी केलेले, इस्लाम स्वीकारलेले. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्यांचाच असल्याचे शंभर टक्के खात्रीने सांगितले. स्पॅनिश पोलिसांनी एप्रिलमध्येच नकार कळवला होता, तरी ६ मे रोजी मेफील्ड यांना अटक झाली. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ठसा त्यांचाच म्हटले. त्याच सुमारास स्पेनने तो अल्जीरियाच्या औनान दाऊद याचा असल्याचे जाहीर केले. २० मे रोजी मेफील्ड सुटले.

अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ साली दिलेला चौकशी अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. दोन ठशांत विलक्षण साम्य होते, हे त्यात मान्य केले आहे. परंतु एकदा साम्य दिसल्यावर तज्ज्ञ मेफील्ड यांच्या ठशातील खुणा पिशवीवरील अस्पष्ट ठशात शोधू लागले. जो वरचा डावा भाग जुळत नव्हता, तो दुसऱ्या स्पर्शाचा असेल असे म्हणून बाजूला सारला. म्हणजे उत्तर आधी आणि गणित नंतर! पहिली ओळख पटवताना त्यांचा धर्म तज्ज्ञांना ठाऊक नव्हता. पुढे शंका उपस्थित झाल्यावर फेरविचार झाला नाही, त्याला मात्र त्यांचा धर्म आणि दहशतवादी कृत्यासाठी शिक्षा झालेल्या एका अशिलाचे त्यांनी पूर्वी घेतलेले वकीलपत्र या गोष्टी कारणीभूत झाल्या असाव्यात, असे अहवाल सांगतो.

२००६ सालीच सरकारने माफी मागून वीस लाख डॉलर दिले. एफबीआयच्या प्रयोगशाळेने कामाची रीतही बदलली. घटनास्थळाच्या ठशातील खुणा आधी स्वतंत्रपणे नोंदवायच्या, आणि त्यानंतरच संशयिताचा ठसा समोर घ्यायचा.