मोगऱ्यास विश्रांती व छाटणी

मोगऱ्याचे झाड हिरवेगार असूनही फुलत नाही, अशी तक्रार बागाईतदार बंधूंकडून वारंवार ऐकू येते. ही चूक आमच्याही हातून घडली असल्याने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमच्या विहिरीकाठी बट मोगऱ्याची 25 झाडे होती. त्यांस आम्ही बारमाही पाणी देत असू. छाटणी करण्यास मन धजत नसे. तीन उन्हाळे पाने मात्र दाट आली, कळ्या ओंजळभरही मिळेनात. अखेर झाडे खणून काढण्याचे ठरविले, तेव्हा शेजारच्या वृद्ध माळ्याने आम्हांस थांबविले. तो म्हणाला, "भाऊसाहेब, झाडाला जरा झोपू तर द्या!"

यातील मर्म असे की, मोगऱ्यास कळी येते ती नव्या फुटीवर. याकरिता पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू तोडावे. भारी जमिनीस हा ताण अधिक दिवस लागतो, हलकीस कमी. पाने पिवळी पडून गळू लागली तरी घाबरू नये. डिसेंबरअखेरीस अगर जानेवारीत जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटणी करावी. सुकलेल्या व रोगट फांद्या बुडापासून काढाव्या. नंतर मुळे न दुखविता आळे खणून दर झाडास सुमारे 10 किलो कुजलेले शेणखत द्यावे व भरपूर पाणी सोडावे. नवीन लावलेल्या कोवळ्या झाडांस मात्र असा ताण देऊ नये.

नवीन लागवड पावसाळ्याच्या आरंभी चार ते पाच फूट अंतरावर करावी. पाणी साचणारी जमीन वर्ज्य समजावी. तीत मुळे कुजतात. छिद्रे पडलेल्या कळ्या दिसल्यास त्यांत अळी असते. त्या वेचून जाळाव्या.

टपोरी, पांढरी, पण न उमललेली कळी पहाटेच तोडावी. पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड भागातून मुंबईस दादरच्या फुलबाजारात जाते ती अशीच कळी. उमललेल्या फुलास तसा भाव येत नाही.

आमची झाडे त्या वर्षी छाटली व चैत्रात ती कळ्यांनी लवून गेली. ज्यांस शंका वाटत असेल त्यांनी यंदा निम्मीच झाडे छाटावी आणि उन्हाळ्यात दोन्हींकडील कळी निरनिराळी तोलून पाहावी. मग आमच्या सांगण्याची गरज उरणार नाही.