बाळाची गुळणी आणि सर्जनची गाठ

दूध पाजून बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, की ढेकरेबरोबर गुळणी आपल्या कपड्यांवर! आजी काळजी करत नाही, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, बटव्याच्या नाडीसारखं. घास खाली गेला की ते आवळतं. तान्ह्या बाळात ते अवेळी सैल पडतं. त्यात आहार पातळ आणि बाळ सदा आडवं. वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं हे आपोआप थांबतं.

मग शस्त्रक्रिया कुणाला? वजन वाढत नाही, दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो, औषधांनीही भागत नाही, अशा मोजक्या मुलांना. सर्जन जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. युक्ती अशी, की जठर जितकं फुगेल तितका हा वेढा नळी दाबून धरतो. रुडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आज ती बहुधा दुर्बिणीतून होते.

पण वर येण्याची वाट बंद झाली की ती दुधाबरोबर हवेलाही बंद होते. काही मुलांना ढेकर देता येत नाही, उलटी करता येत नाही, पोट फुगतं. काहींचा वेढा पुढे सैल पडतो. म्हणून घाई नको. अन्ननलिकेतलं आम्ल चोवीस तास मोजणारी तपासणी झाली का, दुधाची अ‍ॅलर्जी तपासली का, हे आधी विचारा.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, तर मात्र थांबू नका. बाळाला तडक रुग्णालयात न्या.