कोंढाणा दिलाच कशाला?

सकाळी 10. कुलूप काढलं, व्हरांडा झाडून घेतला. शाळा द्विशिक्षकी; पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आज 4 फेब्रुवारी. फलकावर दिनविशेष लिहिला: 1670, तानाजी मालुसरे, कोंढाणा.

10.30. परिपाठ. चौथीतला एकजण दिनविशेष एका दमात वाचतो. रांगेतून आवाज येतो, "अरे, घोरपड राहिली!"

11.00. तिसरीला गावाचा नकाशा काढायला बसवलं आणि चौथीकडे वळले. आधी घोरपड निकालात काढायची. ती पोवाड्यातली, असं सांगितल्यावर एकाचा चेहरा उतरला. त्याच्या आजोबांना अख्खा पोवाडा पाठ. "मग आजोबा खोटं सांगतात?" नाही रे बाबा. लोकांनी तो पराक्रम कसा मनात जपला, ते पोवाड्यात कळतं. मावळे दोर लावून रात्रीचा कडा चढले, हे काय कमी आहे?

पण आपलाच गड जिंकायची वेळ आली कशी? इथे मी चिंचोके काढले. मोजून 35. प्रत्येक चिंचोका एक किल्ला. 1665 साली मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला, तह झाला, 23 किल्ले मुघलांना द्यावे लागले. मुलांनीच एकेक चिंचोका पलीकडे सरकवला. अलीकडे राहिले 12. तिसरीची पोरं नकाशे टाकून कधीच भोवती जमली होती. "बाई, कोंढाणा दिलाच कशाला?" पहिल्या बाकावरची पोरगी चिडून म्हणाली. "नसता दिला तर?" मी विचारलं. मग वाद. कोणी म्हणालं लढायचं, कोणी म्हणालं माणसं मेली असती, कोणी म्हणालं 12 असले की 23 परत घेता येतात. मी मधे पडले नाही. प्रतापगड आपण रंगवून शिकवतो आणि पुरंदरचा तह दोन ओळींत उरकतो. मला तो प्रतापगडाइतकाच महत्त्वाचा वाटतो. माघार घ्यायलाही डोकं लागतं, हे नऊ वर्षांच्या पोरांना बरोबर कळतं.

12.15. गणिताचा तास, पण व्हरांड्यात. एक पाऊल म्हणजे 10 वर्षं. सातव्या पावलावर कुणाची तरी आजी जन्मली. आठव्यावर 1947. अठराव्या पावलाच्या आत 1848, पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा. व्हरांडा तिथेच संपला. पायऱ्या उतरून मैदानातून ध्वजस्तंभापाशी पोचलो तेव्हा कुठे 1670 आलं. तानाजी आणि आपले पणजोबा एकाच काळातले, ही समजूत सन पाठ करून जात नाही. पाय दुखले की जाते.

1.00. खिचडी. ताटं, रांगा, हात धुणं.

2.00. मारुतीच्या देवळामागची वीरगळ. रोज जाता-येता दिसणारा दगड, त्यामुळे कोणी पाहिलेला नाही. तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, शेजारी गाई. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात. सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. अर्धा दगड शेंदराने माखलेला. पोरांनी बोटं फिरवत गाई मोजल्या. "याचं नाव काय, बाई?" नाव कोरलेलं नाही. "मग हा गाईंसाठी मेला, ते कशावरून?" मी काही बोलले नाही. तिसरीतल्या एकाने खालच्या गाईंवर बोट ठेवलं.

3.30. ऑनलाइन माहिती भरायची होती. नेटवर्क आलं, गेलं, आलं. गुरुजींनी दोन्ही वर्ग मैदानावर नेले, म्हणून भागलं.

5.00. शाळा सुटली. पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: शुक्रवारी दुपारी 2 वाजता आजी-आजोबांनी शाळेत यावं. 1972 च्या दुष्काळाबद्दल मुलं विचारणार आहेत: पाणी कुठून आणलं, सुकडी कशी लागायची, कुणी गाव सोडलं. भाषण नको. आठवत नसेल ते आठवत नाही म्हणून सांगा, आणि त्या वेळचं रेशनकार्ड किंवा फोटो ट्रंकेत असेल तर तेवढं घेऊन या.