परसातली मगर आणि आमचा बंड्या

पुण्या-मुंबईचे पाहुणे बडोद्याला आले की लक्ष्मीविलास पॅलेस बघतात, कमाटीबागेत फिरतात, जाताना लीलो चिवडा बांधून नेतात. मगरींचा विषय काढला की मात्र हसतात. ‘नदीत असतील हो, पण घरात?’ मग त्यांना मागचं दार उघडून दाखवावं लागतं. आमचं परस जिथे संपतं तिथून विश्वामित्रीचं कोतर सुरू होतं. वेडी बाभूळ, एरंड, घाणेरीची झुडपं आणि खाली पाणी. हिवाळ्यात दुपारी अकराच्या सुमाराला पलीकडच्या काठावर दोन-तीन मगरी ऊन खात पडलेल्या असतात. आमच्याकडे त्यांचं कुणाला अप्रूप नाही.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधून वाहत जाऊन पुढे ढाढर नदीला मिळते. मधल्या पट्ट्यात शहराचं सांडपाणी तिच्यात येतं, तरी मगरी टिकून आहेत, वाढल्याही आहेत. २०२० च्या गणनेत त्या तीनशेच्या आत होत्या, २०२५ मध्ये चारशेच्या वर भरल्या. मासे आहेत, काठाची माती बिळं करण्याजोगी आहे, आणि खरं सांगायचं तर शहर त्यांना आयतं खायला घालतं. मेलेली गुरं, डुकरं, कोंबडीवाल्यांचा टाकाऊ माल, सगळं नदीत जातं. त्या वासावर भटकी कुत्री खाली उतरतात आणि कुत्र्यांवर मगरी टपलेल्या असतात.

आमच्या गल्लीत काळी नावाची कुत्री होती. ती कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांची होती. सकाळची पहिली पोळी समोरच्या भाभींची, रात्रीचा भात आमचा. जुलै २०१९ च्या शेवटच्या दिवशी बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, ते बऱ्याच वाचकांना आठवत असेल. पाणी रस्त्यावर आलं, त्यासोबत मगरीही आल्या. शहरातल्या एका गल्लीत साचलेल्या पाण्यातून मगर कुत्र्यावर झेपावते, तो व्हिडिओ तेव्हा देशभर फिरला. त्यातला कुत्रा थोडक्यात वाचला. आमची काळी वाचली नाही. पूर ओसरल्यावर दोन दिवसांनी ती पिल्लांच्या ओढीने कोतराकडे गेली. भाभींनी गच्चीवरून पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ती भुंकत होती, आणि मग नव्हती.’

मगर अशीच शिकार करते. पाठलाग करत नाही. पाण्याच्या कडेला नाक आणि डोळे तेवढे वर ठेवून तासन्‌तास थांबते. कुत्र्याला वाटतं, समोरचा हलत नाही म्हणजे घाबरला. मांजर, माकड, दुसरा कुत्रा यांच्या बाबतीत त्याचा हा हिशोब बरोबर निघतो. मगरीच्या बाबतीत तो नेमका उलटा असतो.

आमचा बंड्या देशी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडका. परस त्याचं आहे यावर त्याचा ठाम विश्वास. माकडांची टोळी आली की तो अंगणभर धिंगाणा घालतो. एकदा एका वानराने खाली वाकून त्याच्या थोबाडीत दिली, तेव्हापासून आंब्याच्या झाडापासून चार हात लांब राहून भुंकतो. मुंगसाशी त्याचा जुना करार आहे. दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीची पातळी ३७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची रेषा २५ फुटांवर आहे, यावरून कल्पना करा. आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर होतो. पाणी उतरल्यावर परसात घोटाभर चिखल, त्यात कुणाकुणाच्या घरचे डबे, चपला, एक प्लॅस्टिकची खुर्ची. सकाळी मी खराटा घेऊन उतरले तर बंड्या धुण्याच्या दगडापाशी उभा. भुंकणं नेहमीचं नव्हतं. एकसारखं, तुटक, घशातून येणारं. पाठीवरचे केस उभे. दगडाच्या आडोशाला मला आधी ओंडका दिसला. मग ओंडक्याला डोळा दिसला.

सहा फुटांची तरी असेल. जबडा अर्धवट उघडा, बाकी काहीच हालचाल नाही. बंड्या समोरून पुढे जाई, मागे येई, पुन्हा दोन पावलं पुढे. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा थोडा जास्त पुढे. मी हाका मारल्या, ओरडले, पोळी दाखवली. मालक संकटात असताना कुत्रा हाक ऐकेल ही अपेक्षाच चूक, त्याच्या दृष्टीने तो माझंच रक्षण करत होता. त्याच्या जवळ जायचं म्हणजे मगरीच्या जवळ जायचं. चिखलात पाय घसरत होते. मगर जमिनीवर लांब धावू शकत नाही, पण दोन-चार हातांच्या अंतरात ती विजेसारखी वळते, आणि शेपटीचा तडाखा वेगळाच. शेजारचे काका भिंतीवरून ओरडत होते, ‘बेन, आघां रहेजो!’

सुटका केली ती ह्यांनी, तीही पुढच्या दाराकडून. वरच्या पायऱ्यांवर चढवून ठेवलेली स्कूटर त्यांनी सुरू केली. बंड्याला स्कूटरवर पुढे उभं राहून फिरण्याचं जबर वेड. तो आवाज ऐकून त्याचा उभा कान वळला. एक क्षण मगरीकडे, एक क्षण घराकडे, आणि मग चिखल उडवत घरातून थेट पुढच्या दारात. मी मागचं दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

वन खात्याची माणसं आणि प्राणी सोडवणारी चार तरुण मुलं दोन तासांनी आली. त्या दिवसांत त्यांना शहरभरातून फोन येत होते. दोघा जणांनी मगर स्कूटरवर आडवी घालून वन खात्याकडे नेल्याचा व्हिडिओही त्याच पावसाळ्यातला. आमच्याकडे आलेल्या मुलांनी ओलं पोतं डोळ्यांवर टाकलं, तोंडात फास अडकवला, जबडा दोरीने बांधला. मगरीचे जबडा मिटण्याचे स्नायू भयंकर ताकदीचे, पण उघडण्याचे कमजोर असतात, म्हणून साधी दोरी पुरते. पूर ओसरल्यावर तिला नदीतच सोडणार, असं ते म्हणाले. सोसायटीत काही जणांना ते पटलं नाही. लांब कुठेतरी नेऊन टाका, असा आग्रह होता. पण मगरी लांबूनही आपल्या जागी परततात, आणि एकीची जागा रिकामी झाली तर दुसरी येते. शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. तिला स्वतः हात लावायला जाणं हा गुन्हा आणि मूर्खपणा, दोन्ही.

माझी धाकटी बहीण जुन्नरकडे असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमची मगर बरी, आमच्याकडे बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. ते खरंच आहे. अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के भक्ष्य कुत्री निघाली, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. बहिणीकडे अंगणात साखळीला कुत्रा बांधून ठेवण्याची पद्धत होती. आता रात्री तो पडवीच्या आत, जाळीमागे. साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो ताटात वाढलेला असतो.

आमच्याकडे मगरीपेक्षा सापाची भीती रोजची. कुत्रा सापाला नाकाने भेटतो, म्हणून दंश बहुधा थोबाडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. मागच्या गल्लीतल्या लॅब्राडोरला नाग चावला. पापण्या उतरल्या, लाळ गळू लागली, मागचे पाय लुळे पडले. घोणस चावली असती तर सूज आणि रक्तस्राव दिसला असता. घरच्यांनी आवळपट्टी बांधली नाही, जखम कापली नाही, त्याला चालूही दिलं नाही. चादरीत उचलून अर्ध्या तासात पशुवैद्याकडे नेलं. माणसाला देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही देतात. दोन दिवस सलाईनवर काढून तो घरी आला. पशुवैद्याचा नंबर आणि प्रतिविष कुठे मिळतं याची चौकशी पावसाळ्याआधीच करून ठेवावी. रात्री अकरा वाजता ती करण्यात वेळ जातो.

आणि लस चुकवू नये. रेबीजची तर नाहीच, डिस्टेंपरचीही नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग मुळात कुत्र्यांमध्ये आढळणारा. रानातलं परसात येतं तसं परसातलंही रानात जातं.

पुरानंतर सोसायटीची बैठक झाली. भिंत की जाळी यावर दीड तास गेला. भिंत पुरात पडते आणि पाणी अडवते, म्हणून शेवटी जाड तारेची जाळी ठरली, तळाशी फूटभर जमिनीत गाडलेली. मच्छी-मटणाचं धुवण कोतरात फेकायचं नाही, हेही ठरलं. त्यावर मात्र जाळीच्या वर्गणीपेक्षा जास्त भांडण झालं. उन्हाळ्यात पिल्लं निघायच्या दिवसांत मादी अंड्यांच्या जवळ कुणाला फिरकू देत नाही, म्हणून मार्च ते जूनपर्यंत मुलांनी चेंडू आणायला खाली उतरायचं नाही.

बंड्या आता दिवेलागणीनंतर आत असतो. दारापाशी बसून तो फटीतून कोतराकडे बघतो आणि अधूनमधून गुरगुरतो. जाळी पुरी झाली त्याच आठवड्यात एक घोरपड कुठूनशी आत शिरली. त्याने तिला जांभळावर चढवलं आणि खाली दुपारभर बसून राहिला. शेवटी पुन्हा स्कूटर काढावी लागली.