काशी जुनी, पण किती?

तीस-चाळीस वर्षांनी काशीला पुन्हा गेलेला माणूस बहुधा एकच तक्रार घेऊन येतो: जुनी काशी उरली नाही. तक्रार खोटी नाही. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धामाचं उद्घाटन झालं आणि अंग चोरत जायच्या गल्ल्यांच्या जागी गंगेपर्यंत प्रशस्त प्रांगण आलं. पण ‘जुनी’ म्हणजे किती? आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधलं, शिखरावरचं सोनं रणजितसिंहांनी त्यानंतर दिलं. पेशवे, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांनी घाट उभारले. शिंद्यांचा घाट तर स्वतःच्याच वजनाने खचला. वस्ती प्राचीन असली, तरी डोळ्यांना दिसणारा दगड बराचसा मराठेशाहीचा आहे, म्हणजे तोही एकेकाळी नवाच होता.

मग पाडापाडीबद्दल हळहळ कशाला, असं कोणी विचारेल. म्हाताऱ्या यात्रेकरूला गर्दीत चेंगरावं लागत नाही, हा लाभ खराच. तो नाकारणं म्हणजे दुसऱ्याच्या गैरसोयीत आपली रम्यता शोधणं. तरी तेव्हाच्या आणि आताच्या बांधकामात फरक आहे, आणि तो दगडाच्या वयाचा नाही. घाटांमागे माणसं राहत गेली. दुर्गाघाट-ब्रह्मघाटाकडे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. धामाच्या प्रकल्पासाठी मात्र तीनशेच्या आसपास मालमत्ता घेतल्या गेल्या. भरपाई मिळाली, काही दडलेली मंदिरंही उजेडात आली. पण शेजार विकत घेता येतो, पुन्हा वसवता येत नाही. परतणाऱ्याची तक्रार इथे नेमकी लागू पडते, आणि ती वास्तूंपेक्षा रहिवाशांविषयी असायला हवी.